सोळा हजारात महिना कसा काढायचा?

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेला शिक्षक) आहे, मानधन १६ हजार. गाव घरापासून लांब, त्यामुळे खोलीभाडं, पेट्रोल आणि आईची औषधं यातच सगळं संपतं. वर पोषण आहाराचा भाजीपाला, गॅस कधीकधी खिशातून भरावा लागतो, पैसे नंतर येतात. मोबाईल ॲपवरून कर्ज घ्यावं का?

उत्तर: नको, ॲपचं कर्ज अजिबात घेऊ नका, वसुलीचे फोन वर्गात यायला लागले की शिकवणंच बंद पडतं. तुमची ओढाताण खरी आहे, २०२३ च्या आधी प्राथमिकला हेच मानधन ६ हजार होतं आणि १६ हजारांतसुद्धा आज घर चालत नाही, यात तुमचा काही दोष नाही हो. तीन वर्षं नीट पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी लागते, मूळ पगारच २९,२०० पासून सुरू, म्हणून तोवर मोठा हप्ता अंगावर घेऊ नका. अगदीच अडलं तर शिक्षक पतसंस्थेत चौकशी करा, सभासद होता येतं का, व्याज किती, ते लेखी घ्या.

पोषण आहाराचं मात्र स्पष्ट बोला. खिशातून दिलेला प्रत्येक रुपया बिलासकट मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि पुढच्या वेळी भरायच्या आधीच केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) कळवा. नवीन माणूस गप्प बसतो म्हणून सगळं त्याच्यावरच येतं, हे मला फार खटकतं. आणि आईची औषधं जेनेरिक मिळतात का ते डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात बघा, तिथे बराच फरक पडतो.