पुण्यातील वेताळ टेकडीवरील रुईची पाने भर उन्हाळ्यातही टवटवीत कशी राहतात?

याचे एक कारण रुईची खोल मुळे हे आहे. दुसरे, आणि माझ्या मते अधिक विलक्षण, पानाच्या पृष्ठभागावरील उपत्वचा हे आहे. बाह्यत्वचेच्या, म्हणजे पानाच्या सर्वांत बाहेरच्या थराच्या, पेशी क्युटिन नावाचा, मेदाम्लांपासून बनलेला बहुवारिक (पॉलिमर) आणि मेण स्रवतात व त्यांचा अखंड थर पानावर बसतो; हीच उपत्वचा. पाण्याची टंचाई झाली की वनस्पती पर्णरंध्रे मिटून घेते आणि त्यानंतर किती पाणी निसटेल हे मुख्यतः या थरावर ठरते. उपत्वचा जितकी जाड तितके संरक्षण अधिक, असा समज सर्वत्र आढळतो, परंतु तो बरोबर नाही: खरा अडसर मेणाचा असतो, आणि प्रयोगशाळेत द्रावकाने मेण काढून टाकल्यास त्याच उपत्वचेतून पाणी झिरपण्याचा वेग शेकडो पटींनी वाढू शकतो.

रुईच्या पानावर बोट फिरवल्यास जी पांढुरकी भुकटी लागते, तीत हे मेणही असते. ते काही प्रमाणात प्रकाश परतवते. उपत्वचेतील फिनॉलवर्गीय संयुगे अतिनील किरण शोषतात, तर बुरशीला आत शिरण्यासाठी हा थर यांत्रिक दाबाने किंवा क्युटिन विघटित करणाऱ्या विकराने (एन्झाइमने) भेदावा लागतो.

म्हणूनच पुण्यातील गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी कीड घालवण्यासाठी कपडे धुण्याच्या साबणाचे तीव्र द्रावण पानांवर फवारू नये, कारण त्याने मेणाचा थर विस्कटतो आणि एप्रिलच्या उन्हात ती पाने करपण्याचा धोका वाढतो.