भिलारला जायचं तर कधी?

प्रश्न : भिलारला आईबाबांना घेऊन जायचंय, पुस्तकं सोडून तिथं बघायला काय आहे?

उत्तर : अहो, गावच बघायचं की! पाचगणी-महाबळेश्वरच्या मधे डोंगरउतारावर वसलंय, लाल माती, उतारावर स्ट्रॉबेरीचे वाफे आणि त्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद उन्हात चमकत असतो, तो लांबून पाण्यासारखा दिसतो (मी एकदा फसलोय). २०१७ च्या मे महिन्यात हे पुस्तकांचं गाव झालं, म्हणजे लोकांच्या घरात, लॉजमध्ये, देवळात कपाटं लावलीत, फुकट वाचत बसा, कुणी उठवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जा, फळं असतात. पावसात धुकं भारी पण चढउतारावर आईबाबांचे पाय घसरतील, तेवढं बघा.