रिअ‍ॅक्टमध्ये युजइफेक्टमधली एपीआय रिक्वेस्ट दोनदा का जाते?
डिपेंडन्सी अ‍ॅरे रिकामा असूनही, म्हणजे युजइफेक्टमधला कोड एकदाच चालायला हवा असूनही, रिक्वेस्ट दोनदा जाते ती बहुधा स्ट्रिक्टमोडमुळे, म्हणजे चुका लवकर दिसाव्यात म्हणून डेव्हलपमेंटमध्ये होणाऱ्या जादा तपासणीमुळे. २०२२ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १८ पासून डेव्हलपमेंटमध्ये कंपोनंट माउंट करून (स्क्रीनवर आणून) लगेच अनमाउंट आणि परत माउंट केला जातो. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच तसं दिलंय. क्लीनअप (युजइफेक्टमधून परत द्यायचं, अनमाउंट होताना चालणारं फंक्शन) लिहायचा राहिला असेल तर तिथेच उघडं पडावं, हा हेतू. त्यामुळे स्ट्रिक्टमोड काढू नका, ते दुखणं झाकणं झालं. अबॉर्टकंट्रोलर (रिक्वेस्ट मध्येच रद्द करायची ब्राउझरची सोय) बनवा, त्याचा सिग्नल फेचला द्या आणि क्लीनअपमध्ये अबॉर्ट करा. नेटवर्क टॅबमध्ये दोन रिक्वेस्ट तरीही दिसतील, पण पहिली रद्द झालेली. कॅचमध्ये अबॉर्टएरर तेवढी वगळा, नाहीतर स्क्रीनवर उगाच एरर झळकेल. प्रॉडक्शन बिल्डमध्येही दोनदा जात असेल तर मात्र कारण वेगळं: पॅरेंटमध्ये कंपोनंटची की (key प्रॉप) बदलतेय का, ते आधी बघा.