भारतातलं लायसन्स जर्मनीत बदलून मिळतं का? यवतमाळहून निघण्याआधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं लायसन्स 2016 चं, एमएच-29 चं आहे, गिअरवाली मोटारसायकल आणि चारचाकी दोन्ही त्यावर आहेत, आणि नोकरीसाठी जर्मनीला निघालात. गावाकडचा एजंट सांगतो, ‘इंटरनॅशनल’ म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या, तिथं गेलं की आपोआप जर्मन लायसन्स हातात येतं.

नाही येत. एजंटला त्याचे पैसे सुटतात, तुमचं काम सुटत नाही.

मी दारव्हा तालुक्यातली. 2021 पासून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका लहान गावच्या दवाखान्यात नर्स आहे. सकाळची पाळी सहाला सुरू होते आणि पहिली बस सहा वाजून दहा मिनिटांनी येते, म्हणून मला हे लायसन्सचं सगळं करावं लागलं. सध्या सुट्टीवर घरी आलेय. कापसाची वेचणी चाललीय, घरात कोणी थांबत नाही, त्यामुळे छपरीत बसून निवांत लिहिते.

आधी मुख्य गोष्ट. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं भारतीय लायसन्स चालतं. सातव्या महिन्यात त्याच लायसन्सवर गाडी चालवली तर ते ‘लायसन्स घरी विसरलं’ असं धरत नाहीत, विनापरवाना चालवणं म्हणून गुन्हा नोंदवतात. जपान, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांची लायसन्सं परीक्षेशिवाय बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच की नव्यानं शिकणाऱ्या जर्मन पोरांना लेखीचे दीड-दीड तासाचे 14 वर्ग आणि हायवे, रात्र, गावाबाहेरचा रस्ता मिळून 12 खास फेऱ्या सक्तीच्या असतात, त्या आपल्याला सक्तीच्या नाहीत. पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीत, त्यांचा शिक्षक शेजारी बसवून द्यायची असते. म्हणजे शाळेत नाव घालणं आलंच.

आता यवतमाळचं काम, कारण ते निघण्याआधीच होतं. सगळ्यात आधी पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. माझं लायसन्स 2014 चं, माहेरच्या आडनावाचं, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्ट लग्नानंतरचा. तिथल्या लायसन्स कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद समोर ठेवून विचारलं, ही दुसरी बाई कोण? मग लग्नाचा दाखला शोधा, त्याचं अधिकृत भाषांतर करून आणा, यात दीड महिना गेला. सहामधला दीड. ‘सारथी’ या सरकारच्या लायसन्स पोर्टलवरून लायसन्सवरचं नाव बदलता येतं, मी तेव्हा आळस केला. तुम्ही पुरुष आहात म्हणून सुटलात असं समजू नका. आपल्याकडं एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, तिसऱ्यावर गायब, असं सर्रास असतं.

‘सारथी’वरच डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणून एक सेवा आहे, लायसन्सचा उतारा म्हणा हवं तर. तोही काढून ठेवा. त्यावर पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ती तारीख असते. जर्मनीत नव्या चालकाला दोन वर्षं परिवीक्षेची असतात, त्या काळात चुका केल्या तर जास्त जड जातात. भारतात लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्या दोन वर्षांत मोजून घेतात. तुमचं 2016 चं म्हणजे तुम्ही त्यातून मोकळे, फक्त तारीख दाखवता आली पाहिजे. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर त्याची नोंद ऑनलाइन आहे का ते आधी बघा. नसेल तर आधी ती करून घ्यावी लागते.

एजंटचं ते ‘इंटरनॅशनल’ अगदीच फुकट जात नाही. फॉर्म 4-ए, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. पण ते स्वतंत्र लायसन्स नाही. पहिल्या सहा महिन्यांत मूळ लायसन्ससोबत भाषांतर म्हणून ते चालतं, एवढाच त्याचा उपयोग. ते काढलं नाही तर तिथं एडीएसी नावाच्या वाहनचालकांच्या संघटनेकडून लायसन्सचं जर्मन भाषांतर करून मिळतं. बदलण्याच्या अर्जाला मी तेच लावलं.

आणि एक. कोणाकडं लायसन्स नसेल आणि तो म्हणत असेल की आधी जातो, मग दिवाळीत आलो की इथं काढून नेतो, तर त्याला थांबवा. जर्मनीत राहायला लागल्यावर भारतात काढलेलं लायसन्स तिथं मानत नाहीत. लर्निंगही चालत नाही.

तिथं गेल्यावर पत्त्याची नोंदणी झाली की लगेच अर्ज करा. फोटो, चष्म्याच्या दुकानात होणारी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग, भाषांतर आणि ड्रायव्हिंग स्कूलचं नाव एवढं लागतं. प्रथमोपचाराच्या वर्गात मी नर्स असूनही पूर्ण दिवस बाहुलीची छाती दाबत बसले होते. नंतर कळलं की नर्सला त्यातून सूट मिळू शकते. विचारायला काय झालं होतं मला!

लेखी परीक्षेत 30 प्रश्न. प्रत्येक चुकीला दोन ते पाच दोषगुण, दहापर्यंत पास. पण पाचवाले दोन चुकले तर बेरीज दहाच असूनही नापास. परीक्षा इंग्रजीतून देता येते, हिंदीतून नाही, मराठीचं तर विचारूच नका. हजाराच्या वर प्रश्नांचा साठा आहे आणि परीक्षेत त्यातलेच येतात, म्हणून मोबाइलवर रोज शंभर सोडवले आणि पहिल्या झटक्यात पास झाले. गाडीच्या परीक्षेत मात्र सूचना जर्मनमधूनच असतात. पुढच्या चौकात डावीकडं, जागा मिळेल तिथं थांबा, एवढं कानाला लागलेलं हवं.

गाडीच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले.

गाडी मी मामाच्या कमांडर जीपवर शिकले, नंतर भावाच्या पिकअपमध्ये कापूस घेऊन जिनिंगपर्यंत जायचे. म्हणजे गाडी येत होती, निदान मला तसं वाटायचं. आपल्याकडं चौकात आधी कोण जातो? मोठ्या रस्त्यावरचा. दोघंही मोठ्या रस्त्यावरचे असतील तर मोठी गाडी. दोघांची गाडी सारखी असेल तर ज्यानं आधी हॉर्न दाबला तो. जर्मनीत ज्या चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं. ‘रेष्ट्स फोर लिंक्स’ म्हणतात त्याला. तीसच्या वेगाच्या वस्त्यांमध्ये जवळजवळ सगळे चौक असेच. मी रुंद रस्त्यावर होते, उजवीकडून एक बोळ येत होती आणि बोळीतून एक म्हातारे आजोबा गाडी घेऊन. मला वाटलं, ते थांबतील. माझ्या शिक्षकानं त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. शिक्षकानं ब्रेक दाबला की परीक्षा तिथंच संपते. पाठीमागं बसलेले परीक्षक काहीच बोलले नाहीत, नुसतं टॅबवर काहीतरी टिपलं. पंचावन्न मिनिटांतली बारा झाली होती. पुन्हा बसायला किमान दोन आठवडे थांबावं लागतं.

घरी फोन केला तेव्हा बाबांना हसू आवरेना. म्हणाले, “डाव्या अंगाले जुंपाची सवय असलेला बैल उजव्या अंगाले जुंपला, तं चार दिवस अडतेच थो. तू काहून रडतं?” मला तेव्हा राग आला, पण शिक्षकाला भाषांतर करून सांगितलं तर तो इतका खूश झाला की पुढच्या विद्यार्थ्यांना सांगायला लागला.

उजव्या बाजूनं गाडी चालवणं दोन दिवसांत जमतं, उजव्या हातानं गिअर टाकणं आठवड्यात. सुटत नाहीत त्या बारीक सवयी. वळण्याआधी किंवा लेन बदलण्याआधी आरसा पाहून झाला तरी मान मागं वळवून खांद्यावरूनही पाहायचं. आरशातच सगळं दिसत असलं तरी. दोन-चारदा विसरलात की नापास. गावाची पिवळी पाटी दिसली की वेग पन्नासवर आणायचा, वेगाची वेगळी पाटी शोधत बसायचं नाही, ती पिवळी पाटीच वेगाची. हायवेवर उजव्या बाजूनं ओव्हरटेक बंद. आपल्याकडं समोरच्यानं दिवे मारले म्हणजे ‘मी येतोय, थांब’. तिथं लोक दिवे मारतात ते बहुतेक वेळा ‘जा तू’ म्हणून. पहिल्या महिन्यात मी आणि समोरचा, दोघंही थांबून एकमेकांकडं बघत बसायचो.

पहिल्या परीक्षेआधी मी आठ तास घेतले होते, नंतर आणखी चार. एक तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, आमच्याकडं तेव्हा 55 युरो. फिया, भाषांतरं, दोन परीक्षा धरून माझे बाराशेच्या आसपास गेले. तास वाचवून पैसे वाचत नाहीत, हे माझ्याकडून शिका. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर साधारणपणे ऑटोमॅटिकचंच लायसन्स मिळतं, तेव्हा शाळेत आधीच विचारून घ्या. मोटारसायकलची परीक्षा वेगळी. मी त्या वाटेला गेले नाही.

जर्मन कार्ड देताना त्यांनी माझं भारतीय लायसन्स ठेवून घेतलं. त्याची रंगीत प्रत आधीच काढून ठेवा. इथं येऊन ‘हरवलं’ म्हणून दुसरं काढा असं सांगणारे भेटतील. खोटं लिहून द्यावं लागतं, त्यात पडू नका. सुट्टीत गावी गाडी चालवायची तर निघण्याआधी तिथूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायचा. यंदा मी तो विसरले. म्हणून भाऊ पिकअप चालवतो, मी बाजूला बसते, आणि प्रत्येक बोळीशी माझा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो.