वाचकांचे प्रश्न : मोठ्या हिरवळीसाठी पेट्रोलचा लॉनमोअर

प्रश्न : आमच्या घराभोवती सुमारे अर्धा एकर हिरवळ आहे. एका बाजूला बऱ्यापैकी उतार असून मध्ये सात-आठ मोठी झाडे आहेत. आजवर विजेच्या तारेवर चालणारे लहान यंत्र वापरत होतो, पण तार पुरत नाही आणि कापणीत अख्खा दिवस जातो. आता पेट्रोलवर चालणारा लॉनमोअर घेण्याचा विचार आहे. चौकशी करावी तर जो तो अश्वशक्तीचे आकडे ऐकवतो. किती अश्वशक्तीचे यंत्र घ्यावे? बसून चालवायचे यंत्र घेतले तर सोयीचे होईल का?

उत्तर : अश्वशक्तीचा विचार आपण सर्वांत शेवटी करावा. मागे चालत चालवायच्या यंत्रांना सर्वसाधारणपणे 140 ते 190 सीसीची फोर स्ट्रोक इंजिने बसवलेली असतात आणि वेळच्या वेळी कापल्या जाणाऱ्या हिरवळीला त्यांपैकी कोणतेही चांगल्या बनावटीचे इंजिन पुरते. आपला दिवस जातो तो पात्याच्या अपुऱ्या रुंदीमुळे. अर्धा एकर म्हणजे साधारण 2,000 चौरस मीटर. मध्ये गवताची शेंडी राहू नये म्हणून प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार-पाच सेंटीमीटर चढवावा लागतो, त्यामुळे 46 सेंटीमीटर रुंदीचे यंत्र प्रत्यक्षात 41 सेंटीमीटरच नवे गवत कापते आणि संपूर्ण जागेसाठी आपल्याला जवळजवळ पाच किलोमीटर चालावे लागते. 53 सेंटीमीटर रुंदीच्या यंत्राने हेच अंतर सव्वाचार किलोमीटरच्या आत येते. आपले जुने यंत्र 32 सेंटीमीटरच्या आसपासचे असेल, तर आपण दर कापणीला सात किलोमीटरहून अधिक चालत होता आणि तेही तार सांभाळत. म्हणून रुंदी 50 सेंटीमीटरच्या पुढची घ्यावी. मात्र झाडांमधील आणि फाटकातील सर्वांत अरुंद जागा आधी टेपने मोजून ठेवावी.

बसून चालवायच्या यंत्राचा मोह मी समजू शकतो, परंतु आपल्या जागेसाठी त्याची शिफारस करणार नाही. अर्धा एकर ही त्या यंत्राची सुरुवातीची हद्द आहे. जागा सपाट आणि मोकळी असती तर गोष्ट वेगळी होती. झाडांभोवती वळताना ते बरेच गवत मागे सोडते, त्यासाठी पुन्हा दुसरे यंत्र लागते, ठेवायला स्वतंत्र छप्पर लागते आणि उतारावर ते उलटण्याचा धोका असतो.

उतार नजरेने ठरवू नये. एक मीटर लांबीची सरळ पट्टी एका टोकाने उतारावर टेकवावी, पाणसळ ठेवून ती आडवी धरावी आणि अधांतरी राहिलेल्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते 27 सेंटीमीटर भरले तर उतार 15 अंशांचा आहे आणि बहुतेक उत्पादक तिथेच मर्यादा घालतात. यामागे पाय घसरण्याची भीती आहेच, शिवाय या लहान इंजिनांमध्ये तळातील ऑइल उडवून आतील भागांना वंगण पोहोचवले जाते. यंत्र फार कलले की ऑइल एका बाजूला जाते आणि इंजिन कोरडे चालू लागते. उतार या मर्यादेत असेल, तर मागे चालत चालवायचे यंत्र उताराला आडवे न्यावे, वर-खाली नेऊ नये. बसून चालवायच्या यंत्राचा नियम नेमका उलटा आहे, आणि एकाची सवय दुसऱ्यावर वापरल्याने अपघात होतात.

उतार आणि 35-40 किलो वजन लक्षात घेता, इंजिनच्या जोरावर चाके फिरणारे, म्हणजे सेल्फ प्रोपेल्ड यंत्रच घ्यावे आणि त्यातही मागच्या चाकांना गती असलेले. पुढच्या चाकांवर चालणारे यंत्र वळवायला हलके असते, कारण दांडी किंचित दाबली की पुढची चाके उचलली जातात आणि ओढ थांबते. पण गवताची पिशवी मागे भरत गेली की तिच्या भारानेही तीच चाके हलकी होतात आणि चढावर नुसती फिरत राहतात. वेग कमी-जास्त करता येत असेल तर उत्तम.

पात्याच्या वरचे झाकण, म्हणजे डेक, पत्र्याचे असेल तर ओले गवत चिकटून आतून गंजते. ॲल्युमिनियमचे टिकाऊ पण महाग असते. पत्र्याचे घेतलेत तर दर वेळी खरवडून कोरडे करण्याची शिस्त ठेवावी लागेल. कापणीची उंची एकाच तरफेने बदलणारे यंत्र निवडावे. ही चैन वाटते, पण तसे नाही. एका वेळी गवताच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये असा नियम आहे, त्यामुळे वाढलेले गवत दोन टप्प्यांत उतरवावे लागते, आणि चारही चाके वेगवेगळी खालीवर करावी लागली तर तो नियम कोणीच पाळत नाही. (मीही पाळत नसे.)

आपल्याला गालिच्यासारखी, अडीच सेंटीमीटरच्या खाली कापलेली हिरवळ हवी असेल, तर आडव्या फिरणाऱ्या पात्याचे यंत्र त्या कामाचे नाही. उंचवट्यांवर ते माती दिसेपर्यंत सोलते. त्यासाठी कात्रीसारखे कापणारे रिळाचे यंत्र लागते. एडविन बडिंग यांनी इंग्लंडमध्ये 1830 साली पेटंट घेतलेला पहिला लॉनमोअर याच जातीचा होता. पण त्याला सपाट जमीन आणि वारंवार कापणी लागते. उतार आणि मुळे असलेल्या बागेत गवत चार-पाच सेंटीमीटर राखणे हेच शहाणपणाचे आहे.

कापलेले गवत बारीक करून जागीच पसरवण्याची, म्हणजे मल्चिंगची सोय असावी. त्यातून नत्र जमिनीला परत मिळते आणि पिशव्या ओतण्याच्या फेऱ्या वाचतात. ओल्या किंवा उंच गवतात मात्र त्याचे गोळे होतात. तेव्हा बाजूने गवत फेकण्याची झडप उघडावी.

सुरक्षेबाबत एकच हिशेब देतो. 53 सेंटीमीटरचे पाते मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग तासाला सुमारे 300 किलोमीटर होतो. खडा त्याच वेगाच्या तडाख्याने उडतो. दांडीवरची पट्टी सोडताच इंजिन थांबलेच पाहिजे. ती पट्टी दोरीने बांधून ठेवण्याची युक्ती कोणी शिकवली तर ऐकू नये. आपल्याकडे झाडे असल्याने वर आलेली मुळे आधी हेरून ठेवावीत, कारण पाते मुळावर आदळले की पात्यापेक्षा इंजिनचा दांडा वाकण्याची भीती मोठी असते, आणि त्या दुरुस्तीत नव्या यंत्राचा विचार करावा लागतो.

नवे फोर स्ट्रोक यंत्र पुष्कळदा ऑइल न भरताच खोक्यातून येते. दोरी ओढण्यापूर्वी डिपस्टिक काढून पाहावी.

प्रश्न : चार महिने बंद ठेवलेला पेट्रोलचा लॉनमोअर आता क्षणभर सुरू होऊन बंद पडतो. टाकीत पेट्रोल आहे. दोष कशात असावा?

उत्तर : बहुधा त्या पेट्रोलमध्येच. साधारण महिन्याभरानंतर पेट्रोल शिळे होऊ लागते, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्राच्या नळीत, बसतो आणि इंजिनला घोटभर पेट्रोल मिळून पुढचे अडते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यास ते हवेतील ओलही शोषते. बहुतेक लहान इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते, तेव्हा आपल्या यंत्राची पुस्तिका जरूर पाहावी. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. तरीही तेच घडले, तर जेट काढून साफ करावा लागेल. सोबत एअर फिल्टर पाहावा : स्पंजाचा असल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा, कागदाचा कधीही धुऊ नये.

खालची बाजू साफ करायची असेल, तर आधी स्पार्क प्लगची वायर काढावी आणि यंत्र कलंडवताना एअर फिल्टर व कार्ब्युरेटर वरच्या अंगाला राहतील असे पाहावे. मी एकदा घाईत उलट्या बाजूला कलंडवले. ऑइल फिल्टरमध्ये उतरले आणि नंतर दहा मिनिटे सारी बाग पांढऱ्या धुरात होती. पुढील हंगामात यंत्र ठेवून देताना पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहील. आता काढलेले शिळे पेट्रोल मात्र गटारात किंवा मातीत ओतू नये. ते झाकणबंद डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्यावे.