वाचकांचे प्रश्न: कुत्र्याच्या खाद्याची पिशवी उलटी करून वाचा

आमचा लॅब्रेडॉर साडेचार वर्षांचा आहे. लहानपणापासून चिकनचं कोरडं खाद्य आणि सकाळी दूध-पोळी खातो. बाराही महिने पंजे चाटतो, वर्षात तीनदा कान पिकले. दुकानदाराच्या सांगण्यावरून दीड महिन्यापूर्वी ‘लॅम्ब अँड राईस’ सुरू केलं, पण फरक नाही. रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घ्यावी का? – वाचक, डोंबिवली

टेस्टवर पैसे घालवू नका. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केस तपासून आलेलं उत्तर भरवशाचं नसतं. ठणठणीत कुत्र्याचा अहवालही ‘पॉझिटिव्ह’ येतो. खात्री करायचा मार्ग एकच: आठ आठवडे कडक पथ्य, आणि बरं वाटलं की जुनं खाणं पुन्हा देऊन बघणं.

लॅम्बने फरक पडला नाही म्हणून चिकन निर्दोष ठरत नाही. ती पिशवी उलटी करा. पुढे कोकराचं चित्र असलं तरी मागच्या यादीत चौथ्या-पाचव्या जागी ‘पोल्ट्री मील’, ‘चिकन फॅट’ किंवा ‘चिकन लिव्हर’ बरेचदा सापडतं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचं. ताज्या मांसात सुमारे 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे पहिल्या जागेवरचं ‘फ्रेश लॅम्ब’ वाळल्यावर बरंच खाली घसरतं आणि ‘मील’ म्हणजे वाळवलेली भुकटी खरी वर येते. अमेरिकी नियमाप्रमाणे ‘विथ लॅम्ब’ लिहायला 3 टक्के लॅम्ब पुरतं, ‘लॅम्ब फ्लेवर’ला तर तेवढंही लागत नाही. यादी स्वच्छ असली तरी एकाच यंत्रावर आधी चिकनचा माल निघालेला असू शकतो. दुकानातल्या साध्या ‘एकाच मांसाच्या’ पिशव्यांमध्ये यादीत नसलेलं मांस तपासणीत पुन्हा पुन्हा सापडलेलं आहे.

आता दूध-पोळी. कुत्र्यांच्या अ‍ॅलर्जीत सगळ्यात जास्त सापडणारे घटक म्हणजे बीफ, दूध-दुभतं, चिकन आणि गहू. लॅम्बचा नंबर त्यानंतर लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत बीफ नसतं, पण उरलेले तिन्ही रोज ताटलीत असतात. अ‍ॅलर्जी होते ती वर्षानुवर्षं खाल्लेल्या पदार्थाची, म्हणून ‘इतकी वर्षं खातोय, आत्ताच कसं होईल?’ हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. तुमच्या लॅबचा दीड महिना लॅम्बखाली गेला, पण सकाळची दूध-पोळी चालूच असेल तर प्रयोग सुरूच झालेला नाही.

पथ्यासाठी पशुवैद्यांकडून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं औषधी खाद्य लिहून घ्या. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही. मात्र ते तुकडे मुळात कशाचे, हे विचारा. चिकनवर संशय असताना चिकन लिव्हरपासून केलेलं नको, सोयाबीनचं किंवा माशाचं घ्या. मूळ पदार्थाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना त्याच्या तुकड्यांनीही खाज सुटते. माशाचं घेताना त्याने आजवर बांगडा-तारली किती खाल्ली तेही आठवा. चिकनऐवजी बदक आणि मटणाऐवजी लॅम्ब ही अदलाबदल करू नका, जवळच्या प्राण्यांची प्रथिनं एकमेकांसारखी असतात.

पथ्य सुरू करण्यापूर्वी कान आणि पंजांतला संसर्ग बरा करून घ्या. पंज्याच्या बोटांमध्ये केस फाकवून पाहा: पांढऱ्या-पिवळ्या लॅबच्या तिथल्या केसांवर लाळेने तांबूस डाग पडलेला असतो, खालची कातडी लाल आणि ओलसर असते, वास आंबूस येतो. तो यीस्टचा, म्हणजे कातडीवरच्या बुरशीचा वास. यीस्ट तशीच राहिली तर खाणं बदलूनही खाज थांबत नाही आणि चांगल्या खाद्यावर विनाकारण ठपका येतो. गोचीड-पिसवांचं औषधही नियमित हवं, पण या दोन महिन्यांत चघळायची चवदार गोळी नको. तिच्या चवीत बीफ किंवा डुकराचं प्रथिन असू शकतं. मानेवर लावायचं औषध डॉक्टरांना मागा. कॅल्शियमची चवदार बिस्किटं, लिव्हरचं टॉनिक, चघळायची कातडी हाडं, चिकनच्या चवीची टूथपेस्ट, सगळं बंद. खाजेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा उतरवा की शेवटचे दोन आठवडे गोळीशिवाय जातील. नाहीतर गुण खाद्याचा की गोळीचा, कळणारच नाही.

पथ्य मोडतं ते बहुधा माणसांमुळे. आजी ‘एवढासा तुकडा’ देते, मुलाच्या हातून ग्लुकोज बिस्किट पडतं, फिरायला नेणारा मुलगा टपरीवर खारी घालतो. घरातल्या प्रत्येकाला सांगा आणि फ्रिजवर कागद लावा. बक्षीस म्हणून त्याच खाद्याचे चार दाणे खिशात ठेवा. रोज रात्री खाजेला 0 ते 10 गुण द्या आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहा, कारण हळूहळू होणारा बदल डोळ्यांना जाणवत नाही. पोटाच्या तक्रारी दोन-तीन आठवड्यांत निवळू लागतात, कातडीला पूर्ण आठ आठवडे द्यावे लागतात. चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडणारे खूप असतात, आणि त्यांचे पैसे व कुत्र्याची खाज दोन्ही तसंच राहतं.

गुण आला तर जुनं खाद्य पुन्हा द्या. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली की निदान पक्कं. मग पुन्हा पथ्यावर आणून चिकन, दूध, पोळी असा एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे तपासा. आठ आठवडे काटेकोर पाळूनही काहीच फरक नसेल तर धूळ-परागकणांच्या अ‍ॅलर्जीकडे वळावं.

आमच्या स्पिट्झला (8 किलो, 7 वर्षं) पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) झाला होता. डॉक्टरांनी ‘लो फॅट’ सांगितलंय. ग्रेव्हीच्या पाकिटावर फॅट 5 टक्के आहे आणि कोरड्या खाद्यावर 12. मग ग्रेव्हीच बरी ना? – वाचक, सांगली

नाही. हे दोन आकडे असे शेजारी ठेवून चालत नाही, आधी पाणी वजा करा. ग्रेव्हीत 80 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 20 भागांत फॅट 5, म्हणजे 25 टक्के. कोरड्यात पाणी 10 टक्के, उरलेल्या 90 भागांत 12, म्हणजे 13 टक्क्यांच्या आसपास. तुमची ग्रेव्ही जवळजवळ दुप्पट स्निग्ध आहे. आणि ज्याला हा आजार होऊन गेलाय त्याला 13 सुद्धा जास्तच, पाणी वजा जाता 10 टक्क्यांच्या आत हवं. पशुवैद्यकीय ‘लो फॅट’ कोरड्या खाद्यांवर साधारण 7 ते 8 टक्के लिहिलेलं असतं. ‘लाइट’ किंवा ‘वेट कंट्रोल’ म्हणजे लो फॅट नव्हे, तिथे आकडा वाचूनच ठरवा.

किती द्यायचं ते फोनच्या कॅल्क्युलेटरवर निघतं. वजन तीनदा गुणा: 8 × 8 × 8 = 512. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा: 22.6, मग 4.76. त्याला 70 ने गुणलं की 333 कॅलरी, ही नुसती पडून राहायची गरज. घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी 1.4 ने गुणा: सुमारे 466. खाद्यात 100 ग्रॅमला 350 कॅलरी असतील तर दिवसाला 133 ग्रॅम. वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा आणि तीन-चार वेळांत विभागून द्या. दोन आठवड्यांनी वजन करा आणि त्याप्रमाणे दहा टक्के कमी-जास्त करा.

या 133 ग्रॅममध्ये, 7 टक्के धरले तर, दिवसभराचं फॅट 9 ग्रॅमच्या थोडं वर जातं. पोळीला लावलेलं चमचाभर तूप म्हणजे 5 ग्रॅम. दोन चमचे तुपाने सगळ्या दिवसाचं पथ्य बुडतं. पनीर, ओलं खोबरं, शेव-चकली, कोंबडीची कातडी यांचंही तेच. तोंड चाळवायला उकडलेली दुधी किंवा काकडीची चकती द्या. पुन्हा उलट्या सुरू झाल्या, पाठ वाकवून उभा राहिला किंवा पुढचं अंग खाली टेकून मागचं वर ठेवू लागला, तर खाद्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोल्डन रिट्रीव्हरला पोटाचा त्रास आहे म्हणून ‘ग्रेन-फ्री’ घ्यावं का? – वाचक, नागपूर

धान्य हे कारण क्वचितच असतं. धान्यांत संशय घ्यायचा तो गव्हावर, तांदळावर सहसा नाही. शिवाय धान्य काढलं की तिथे वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा येतो. अशा डाळीयुक्त खाद्यांचा हृदयाचे स्नायू ताणून पातळ होण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, पण नोंदींमध्ये गोल्डन रिट्रीव्हर बरेच होते. गरज नसताना ही जोखीम तुमच्या कुत्र्याला देऊ नका. आधी शीची तपासणी करा, जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) वगळा. नंतर सहज पचणारं, तांदूळ असलेलं ‘गॅस्ट्रोइंटेस्टाइनल’ खाद्य घ्या. ते सात ते दहा दिवसांत चढवा: दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एका रात्रीत बदललं की शी पातळ होते आणि चांगली पिशवी नाहक परत जाते.

आमच्या घरात मांसाहार नाही. खाजेसाठी शाकाहारी डॉग फूड चालेल का? – वाचक, पुणे

‘कम्प्लीट’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर प्रौढ कुत्रा शाकाहारी खाद्यावर राहू शकतो. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं पूर्ण आहार नव्हे. पण अशा खाद्यात सोयाबीनबरोबर गहूही बरेचदा असतो. दोषी गहूच असेल तर खाज वाढेल. हायड्रोलाइज्ड सोयाचं औषधी खाद्य घेतानाही यादी वाचा, त्यात स्निग्धांश प्राण्यांचा असू शकतो. घरचा वरण-भात एवढ्यावर मात्र ठेवू नका; कॅल्शियम, झिंक, बी12 कमी पडतं आणि झिंकच्या कमतरतेने कातडीच बिघडते.

योग्य खाद्य मिळालं, उन्हाळ्यात खाज गेली. पावसाळ्यात तीच 10 किलोची पिशवी चालू असताना परत सुरू झाली. कंपनीने माल बदलला का? – वाचक, मडगाव

घटकांची यादी जुन्या रिकाम्या पिशवीशी ताडून पाहा. ती तशीच असेल तर संशय साठवणीवर घ्या. दमट हवेत उघड्या कोरड्या खाद्यात डोळ्यांना न दिसणारे साठवणीतले माइट्स (कोळ्याच्या जातीचे सूक्ष्म जीव) वाढतात, धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला त्यांनी खाज सुटते. दिवसाला 150 ग्रॅम खाणाऱ्याला 10 किलो 66 दिवस पुरतात. किनारपट्टीवर पावसात हे फार झालं. 3 किलोची पिशवी 20 दिवसांत संपते, ती घ्या. सुटं खाद्य तोलून घेऊ नका, त्याची तारीखही कळत नाही आणि आधी किती दिवस उघडं होतं तेही.

दाणे डब्यात ओतू नका. मूळ पिशवीचं तोंड हवा काढून गुंडाळा, क्लिप लावा आणि पिशवीसकट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा सिंकखाली किंवा गॅसशेजारी नको. उरलेल्या चुऱ्यावर नवी पिशवी रिकामी करणं ही सर्रास होणारी चूक आहे: तळाशी चिकटलेलं तेल खवट होतं आणि माइट्सना तयार घर मिळतं. प्रत्येक पिशवी संपली की डबा साबणाने धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत उपडा ठेवा. पावसाळ्यात त्याला एक दिवसही लागतो, तोवर नवी पिशवी उघडू नका.