एफवाय संपत आलं, मेजर कुठला घेऊ? घरचे एक म्हणतात, मला दुसरंच वाटतं

मे-जून आला की माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारी मुलं वाढतात. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, मग एसवायला त्यातला एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय आणि तिसरा सुटतो. मुलांना वाटतं आता चुकलं तर आयुष्याची वाट लागली.

मागे एक मुलगी आली होती, एफवायबीए, तालुक्याच्या गावातली, शिकायला पुण्यात. विषय इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी आणि जिओग्राफी. वडिलांचं म्हणणं इकॉनॉमिक्स घे, बँकेत लागशील. तिला स्वतःला सायकॉलॉजी हवं होतं कारण मैत्रिणी सगळं तिलाच येऊन सांगतात, आणि जिओग्राफीबद्दल ती बोलतच नव्हती, म्हणाली "मॅडम त्याला काय स्कोप, शाळेत शिकवावं लागेल फारतर".

मी तिला म्हटलं पुढच्या वेळी तिन्ही विषयांच्या वह्या घेऊन ये. मुलं तोंडाने जे सांगतात त्यापेक्षा वही जास्त खरं बोलते असा माझा अनुभव आहे. इकॉनॉमिक्सच्या वहीत फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, सायकॉलॉजीत व्याख्यांवर हायलायटर फिरवलेला, पण स्वतःचं असं काहीच नाही. जिओग्राफीच्या प्रॅक्टिकल वहीत मात्र शेवटच्या पानांवर तिने स्वतःच्या गावाच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या होत्या, ओढा निळ्या पेन्सिलीने, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं की टेकडीच्या या अंगाच्या विहिरी आधी का आटतात. हे कोणी सांगितलं होतं काढायला? कोणीच नाही.

मग आम्ही तिन्ही विषयांचा टीवायचा सिलॅबस काढून बसलो. हे खूप कमी मुलं करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण एफवायला विषयाची फक्त ओळख असते, खरा विषय पुढे सुरू होतो. सायकॉलॉजीत स्टॅटिस्टिक्स आणि प्रयोग असतात हे बघून तिचा चेहरा पडला. मैत्रिणींचं ऐकून घेणं हा चांगला गुण आहे, पण तेवढ्यावर मेजर ठरत नाही, आणि या क्षेत्रात काम करायचं तर बीएवर भागत नाही, एमए लागतं, क्लिनिकलला म्हणजे मानसिक आजारांवरच्या उपचारांच्या कामाला तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी पण लागते.

वडिलांशी फोनवर बोलले. त्यांची काळजी पैशाची होती आणि ती रास्तच आहे, एकटे कमावणारे आहेत. मी म्हटलं अहो दादा, बँकेतल्या क्लार्क-पीओच्या परीक्षेला, एमपीएससी-यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, त्यासाठी इकॉनॉमिक्सच हवं असं नाही. हां, इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला जायचं असेल तर इकॉनॉमिक्समधे पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं, पण तुमच्या मुलीला ते करायचंय का? जिओग्राफीतून जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं), रिमोट सेन्सिंगकडे (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) जाता येतं, नागपूरला राज्य सरकारचं एमआरसॅक हे रिमोट सेन्सिंग केंद्र हेच काम करतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

आणि मेजर चुकेल या भीतीचं म्हणाल तर यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात दुसऱ्या सेमिस्टरनंतर त्याच शाखेत मेजर बदलायची मुभा देता येईल असं म्हटलंय, प्रत्यक्षात कसं आणि कधीपर्यंत ते आपल्या कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म भरायच्या आधीच विचारून घ्या, मित्राच्या सांगण्यावर राहू नका.

तिने जिओग्राफी मेजर घेतलं, सायकॉलॉजी मायनर. वडील अजून पूर्ण पटलेले नाहीत, टीवायपासून एमपीएससीची तयारी करायची या बोलीवर हो म्हणालेत आणि तिलाही ते मान्य आहे. सध्या कॉलेजच्या लॅबमधे बसून क्यूजीआयएस शिकतेय, ते नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, स्वतःचा लॅपटॉप नाही म्हणून काही अडलेलं नाही.